उंबऱ्याबाहेरचे पेशंट

टर्रर्र करून टोमॅटो वाजला.

टोमॅटो म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातला टायमर. आकार टोमॅटोचा, आवाज अग्निशामक दलाचा. दुपारचं घर इतकं गप्प होतं की फ्रिजसुद्धा दबक्या आवाजात घुरघुरत होता. आरोही आतल्या खोलीत झोपली होती, सासूबाई तोंडावर पेपर घेऊन पडल्या होत्या आणि मी दिवाणावरच्या लोडाला विचारत होते, की तुमच्या छातीत नेमकं केव्हापासून दुखतंय. लोडाला हर्षलचा जुना शर्ट घातला होता, त्यामुळे तो बराचसा हर्षलसारखा दिसत होता आणि हर्षलइतकंच बोलत होता. मी "नमस्कार, मी डॉक्टर तेजश्री" पासून जेमतेम मुद्द्यावर येते तोच आठ मिनिटं संपली. खरा माणूस असता तर तोही संपला असता.

"आई," आरोही डोळे चोळत दारात उभी, "बाबांचा शर्ट आजारी आहे?"

आता हे काय चाललं होतं ते सांगते. इंग्लंडमध्ये डॉक्टरकी करायची तर त्यांची परीक्षा द्यावी लागते. पहिला भाग लेखी. तो मी आरोहीच्या झोपा चोरून अभ्यास करून पास झाले. दुसरा भाग मँचेस्टरला जाऊन द्यायचा, आणि खरी गंमत तिथे आहे. ओळीने खोल्या असतात. प्रत्येक खोलीत एक खोटा पेशंट, म्हणजे पगारी नट, कण्हत बसलेला. आठ मिनिटांत त्याच्याशी बोलायचं, दुखणं ओळखायचं, धीर द्यायचा. घंटा झाली की पुढची खोली. कोपऱ्यात परीक्षक बसून बघतो ते तुम्हाला औषध माहीत आहे का एवढंच नव्हे, तर तुम्ही माणसाशी माणसासारखं बोलता का.

इथेच माझं घोडं अडलं होतं. मी शिकले ती सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत. बाहेर रांग जत्रेची. "काय होतंय? जीभ दाखवा. श्वास घ्या. पुढचे!" घेतलेला श्वास पेशंट बाहेर जाऊन सोडायचा.

माझ्या कॉलेजचा रोहित दोन वर्षांपूर्वी ही परीक्षा देऊन तिकडे लागला. त्याने फोनवर माझी तालीम ऐकली आणि म्हणाला, "तेजू, तू चौकशी करत नाहीस, पंचनामा करतेस. तीन प्रश्न विचारायचे असतात. तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल? तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते? आणि आमच्याकडून काय अपेक्षा आहे? विचारायचं आणि गप्प बसायचं."

"गप्प?"

"गप्प. समोरचा बोलेपर्यंत."

नाशिकमध्ये हे कसं जमायचं? इथे दोन माणसं समोरासमोर गप्प बसली तर तिसरा येऊन विचारतो, भांडण झालं का. पण रोहितने बजावलं, लोडावर हे जमणार नाही, जिवंत माणसं लागतील.

परीक्षेची तारीख मिळाली होती, व्हिसा आला होता. आरोहीच्या जन्मानंतर माझा हात जो सुटला होता तो परत बसवायची ही एकच संधी, असं मी स्वतःला बजावलं होतं. नापास झाले तर घरच्यांनी सोसलेला सगळा ताण पाण्यात. पास झाले तर नोकरी, आणि नोकरी म्हणजे सुरुवातीचे काही महिने मी तिकडे आणि आरोही इथे इंदिरानगरात आजीजवळ. "काही महिने म्हणजे..." हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांनी सुरू केलं होतं, पूर्ण कोणीच केलं नव्हतं.

पहिला जिवंत माणूस म्हणून मी हर्षलला बसवलं. त्याला कागद दिला: छातीत दुखतंय, डाव्या हाताला कळ जाते, घाम येतो, वडील हृदयविकाराने गेले.

"काय त्रास होतोय तुम्हाला?"

"काही नाही."

"हर्षल, छातीत दुखतंय तुझ्या."

"हां, दुखतंय. पण चालतंय."

"तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?"

तो गंभीर झाला. मी रोहितने सांगितल्याप्रमाणे गप्प बसले. बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "गाडीची सर्व्हिसिंग राहिलीय."

याच्यापेक्षा लोड बरा होता. मग मी आईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे वळले. आमच्या आई निवृत्त विज्ञान शिक्षिका. ग्रहणाच्या दिवशी पोरांना मैदानात आणून खाऊ वाटणाऱ्या. मी परीक्षा द्यावी हे घरात आधी त्याच बोलल्या. त्यामुळे त्या हो म्हणतील अशी माझी खात्री होती. त्यांनी चष्मा लावून अर्धांगवायूचा कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"मी म्हणणार नाही असलं काही. आणि तूही या घरात म्हणायचं नाहीस."

"आई, खोटं खोटं आहे."

"वास्तूला काय कळतं खोटं? ती दिवसभर घरात फिरते आणि जे कानावर पडेल त्याला तथास्तु म्हणते. आपण म्हणायचं, मला अर्धांगवायू झालाय. ती म्हणायची, बरं."

"पण आई, तुम्ही विज्ञान शिकवलंत!"

"शाळेत शिकवलं. शाळेची वास्तू वेगळी." मग माझं तोंड बघून त्या विरघळल्या. "गुडघे दुखतात म्हणते हवं तर. ते दुखतातच."

गुडघ्यांवर मी चार दिवस काढले. आईंच्या गुडघ्यांची इतकी बारकाईने चौकशी त्यांच्या लग्नानंतर कोणी केली नसेल. पण परीक्षेत गुडघ्यांखेरीजही अवयव असतात. शेवटी मी विचारलं, "वास्तूची हद्द कुठपर्यंत?"

आईंनी शास्त्रीय विचार केला. "उंबऱ्यापर्यंत."

झालं. त्याच दुपारी मी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि टोमॅटो घेऊन जिन्याच्या चौकात बसले. आरोही पहिल्या पायरीवर, मांडीवर खेळण्यातला स्टेथोस्कोप. आणि समोरच्या दारातून सावळीराम आजोबा बाहेर आले.

सावळीराम आजोबा एकटे राहतात. सातपूरच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त. नोकरीत असताना कामगारांच्या नाट्यस्पर्धेत त्यांना एकदा अभिनयाचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, आणि ते उत्तेजन अजून ओसरलेलं नाही. मी काय हवं ते सांगताच त्यांनी आत जाऊन शाल आणली.

"शाल कशाला, आजोबा? साधी डोकेदुखी आहे."

"पात्र उभं राहायला लागतं, बेटा."

डोकेदुखीच्या पेशंटचं त्यांनी असं काही केलं की वरच्या मजल्यावरची माणसं खाली आली. ते कण्हले, कठड्याला धरून उभे राहिले, दिवंगत पत्नीला हाक मारली आणि टोमॅटो वाजायच्या आत खुर्चीत मान टाकून मेले.

"आजोबा, या केसमध्ये मरायचं नाहीये. चष्म्याचा नंबर बदललाय फक्त."

त्यांनी एक डोळा उघडला. "मग शेवट कसा करायचा?"

त्यानंतर पेशंटांची ददात राहिली नाही. वरच्या उज्वलाताई आल्या. दिंडोरीकडे त्यांची द्राक्षबाग. नवरा छाटणी, फवारणी सांभाळत तिकडेच, आणि ताई पोरांच्या शाळेसाठी इथे फ्लॅटमध्ये. मी त्यांना पोटदुखीचा कागद दिला. त्यांनी तो बाजूला ठेवला.

"कागद राहू दे गं. माझं खरंच दुखतं."

"ताई, मला खोटं दुखणं पाहिजे."

"खोटं कुठून आणू? तू विचार ना ते तुझं, आजोबांना विचारलं ते."

मी विचारलं. तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते? आणि गप्प बसले. उज्वलाताई आधी हसल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "रातीचं घर लय मोठं वाटतं बघ. दोन खोल्यांचं हाय, पण लय मोठं वाटतं." मग बोलतच राहिल्या. टोमॅटो वाजला, त्यांनी तो उचलून मांडीत उलटा धरला आणि पुढे बोलल्या. जाताना म्हणाल्या, "दुखायचं थांबलं गं. गोळी नको."

बातमी पसरली, की तळमजल्यावरची डॉक्टरीण काही देत नाही पण विचारते फार छान. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर रांग लागली. प्रत्येक जण माझ्यासाठी सल्लाही घेऊन येई. केस बांध, इंग्रजांना मोकळे केस चालत नाहीत. केस मोकळे सोड, बांधलेस तर नर्स समजतील. तिकडे थंडी असते, तेव्हा पेशंटला आधी चहा विचार. मी सगळ्यांना मान हलवत होते. खोटा पेशंट मात्र एकही मिळत नव्हता.

मग गोविंदकाकांची सूचना लागली. गोविंदकाका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. कारकुनीत आयुष्य गेलेला माणूस. सूचना लिहिल्याशिवाय त्यांना जेवण पचत नाही. फळ्यावर लिहिलं होतं: 'सामायिक जिन्यात विनापरवाना दवाखाना चालविणे नियमबाह्य आहे.' मी तशीच त्यांच्या दारात.

"काका, दवाखाना नाही. यातलं कोणी खरं आजारी नाही."

"असं का? मग तसा अर्ज द्या, सूनबाई."

मी अर्ज दिला. तो परत आला. कारण मी 'खोटे रुग्ण' लिहिलं होतं आणि सोसायटीच्या आवारात खोटं काही करायला कमिटी मंजुरी देऊ शकत नव्हती. मी 'रुग्ण' लिहिलं. तर मग तो दवाखाना झाला. तिसऱ्या अर्जानंतर काकांनी स्वतःच तोडगा काढला. आमचा कार्यक्रम 'सांस्कृतिक उपक्रम' या सदरात बसवला आणि पार्किंगमध्ये पाण्याच्या टाकीजवळची जागा नेमून दिली. अशा रीतीने माझी वैद्यकीय कारकीर्द हळदीकुंकू आणि चित्रकला स्पर्धा यांच्या पंक्तीत जाऊन बसली. अपमान मी गिळला. जागा सावलीची होती.

आणि तिथेच ते घडलं. परीक्षेत सगळ्यात अवघड खोली असते वाईट बातमी देण्याची. त्याची एक रीत आहे. आधी बसवायचं. त्यांना काय माहीत आहे ते विचारायचं. मग हळूच सूचना द्यायची, की बातमी अपेक्षेपेक्षा गंभीर आहे. मग बातमी. मग गप्प. या भूमिकेसाठी सावळीराम आजोबांशिवाय कोण होतं? मी त्यांच्या पायाच पडले, की आजोबा, या वेळी काही करू नका. नुसते ऐका.

त्यांनी ऐकलं. शाल नाही, कण्हणं नाही. मी सांगितलं की रिपोर्टमध्ये कॅन्सर आलाय. ते टाकीवरून पाणी गळत होतं तिकडे बघत राहिले. मी गप्प. मग विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?"

"कोण येईल," ते म्हणाले. एवढंच.

माझे डोळे भरून आले. वाटलं, हाच तो अभिनय. याला पहिलं बक्षीस द्यायला हवं होतं.

डोळे आणखी एका बाईचे भरून आले होते. उज्वलाताईंच्या सासूबाई कुसाबाई त्याच वेळी दिंडोरीहून द्राक्षांचे क्रेट घेऊन उतरल्या होत्या आणि टेम्पोच्या आडोशाला उभ्या होत्या. आमच्या सांस्कृतिक उपक्रमाची त्यांना काय कल्पना? मी आरोहीला घेऊन बागेत गेले. परत आले तर आजोबांच्या दारात चपलांचा ढीग आणि आत द्राक्षांचा डोंगर. कुसाबाई माझा हात धरून म्हणाल्या, "तोंडावर सांगितलंस गं म्हाताऱ्याला. लय धीराची तू. पन जरा मागनं सांगायचं, घरच्यांस्नी."

मी ओरडून सांगत होते की हे खोटं आहे. पण डॉक्टर असं म्हणाला की लोक समजतात, पेशंटसमोर बोलायचं नाही असं दिसतंय. ते मला डोळ्यांनी खुणा करत होते, हो हो, खोटंच. आणि आजोबा? आजोबा पलंगावर शाल पांघरून द्राक्षं खात होते. एका शब्दाने काही नाकारत नव्हते.

गोविंदकाकांनी मात्र कर्तव्य केलं होतं. फ्लॅट आजोबांच्या मुलाच्या, सुनीलच्या नावावर आहे. काकांनी त्याला पुण्याला फोन करून 'वडिलांच्या प्रकृतीबाबत' कळवलं होतं. मी सुनीलला फोन लावत राहिले, तो लागेना. तो गाडीत होता.

सकाळी तो माझ्या दारात. डोळे सुजलेले, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मी मनाशी म्हटलं, तेजश्री, शांतपणे सांग, सगळं ठीक आहे. पण महिनाभर एकच रीत घोटली की जीभ त्याच रुळावरून धावते.

"बसा ना," मी म्हणाले. "आधी मला सांगा, तुम्हाला आतापर्यंत काय माहीत आहे?"

सुनील खुर्चीत कोसळला.

"मला जे सांगायचंय ते तुम्हाला अपेक्षित नसेल," मी म्हणाले, आणि सवयीने गप्प बसले.

त्याने तोंड ओंजळीत झाकलं. आतून आई ओरडल्या, "अगं, बोल ना पटकन! काही झालेलं नाही म्हण त्याला!"

मी म्हटलं. त्याला समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर तो जे बोलला ते मी इथे पूर्ण लिहीत नाही. "तुम्ही डॉक्टर आहात ना? लोकांच्या बापाशी खेळता?" एवढं सांगते. माणसाशी माणसासारखं बोलायला शिकायचं म्हणून मी निघाले आणि एका माणसाला पुण्याहून रडत आणला.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. आजोबा, शालीविना.

"तिला नको बोलू, सुनील. तिने खोटंच विचारलं होतं. माझंच उत्तर पाठ केलेलं नव्हतं."

"म्हणजे काय, बाबा?"

"तिने विचारलं, काळजी कशाची. मी म्हणालो, कोण येईल. मग ही सगळी आली. म्हटलं, बघू तरी, अजून कोण येतं." ते चपलेकडे बघत होते. "द्राक्षं खातोस का? फार झालीत."

सुनील उठला. मला वाटलं, तो निघून जाणार. त्याने वडिलांच्या शर्टाची कॉलर उगाचच सरळ केली आणि त्यांच्या मागे आत गेला. त्याची गाडी पुढचे काही दिवस गोविंदकाकांच्या जागेत उभी होती आणि काकांनी सूचना लिहिली नाही. फळ्यावर फक्त एवढंच आलं: 'सांस्कृतिक उपक्रम तूर्त स्थगित.' आईंनी मात्र आजोबांना बळेच सगळ्या तपासण्या करायला लावल्या. पार्किंगलाही वास्तू असते, हे आपल्या आधी लक्षात आलं नाही याची त्यांना रुखरुख होती. रिपोर्ट उत्तम आले. आजोबा किंचित नाराज दिसले.

आता निघायला थोडेच दिवस आहेत. हॉलमध्ये बॅग उघडी पडलीय. त्यात आईंनी मेतकूट ठेवलंय, हर्षलने तीन प्रकारचे प्लग ठेवलेत आणि न बोलता त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवल्यात. रोहितने काल पुन्हा तालीम ऐकली. म्हणाला, "आता बरं विचारतेस. थांबायला शिकलीस."

आज दुपारी मी हे लिहायला बसले, तर आरोहीने वही बंद केली. प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या समोरासमोर लावल्या. लोडाला नर्स म्हणून भिंतीशी उभं केलं. टोमॅटो पिळून माझ्या हाताशी ठेवला आणि स्टेथोस्कोप गळ्यात घातला.

"नमस्कार. मी डॉक्टर आरोही. बसा. काय होतंय तुम्हाला?"

"पोटात दुखतंय, डॉक्टर."

"तुम्हाला काय वाटतं, कशामुळे?"

"वेफर्स खाल्ले असतील."

"हं." तिने माझ्या गुडघ्यावर स्टेथोस्कोप टेकवला, लक्ष देऊन ऐकलं. मग खुर्ची पुढे ओढली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि अगदी माझ्यासारखी मान कलती केली.

"तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?"

आणि गप्प बसली. शिकवल्यासारखी.

दिवाणावर तांदूळ निवडणाऱ्या आईंचा हात थांबला. आम्ही घरात होतो, उंबऱ्याच्या आत. नापास होईन, असं म्हणायची सोय नव्हती. पास होईन, असंही तोंडातून निघेना. टोमॅटो टिकटिक करत होता आणि भिंतींना कान फुटल्यासारखं वाटत होतं.

आरोही वाट बघत होती. मग तिने पुढे वाकून माझं बोट धरलं आणि हळूच, नियमाबाहेर जाऊन, विचारलं,

"सांगा ना, बाई. कशाची?"